दार तेवढं लावा

धारवाडच्या शाळेत मी सतरा वर्षं ड्रॉइंग शिकवत आलो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. रंग वाळायला किती दिवस लागतात, यावर आहे.

सदतीसच्या मार्चात मालमड्डीतल्या विठ्ठलराव वकिलांनी मला माडीवरच्या चित्रासाठी बोलावलं. त्यांचा धाकटा भाऊ प्रभंजन युरोपात शिकून आला आणि हे एक तैलचित्र पुरं करून वारला. कोचावर पहुडलेली नग्न स्त्री. मांडीला हिरवट छटा, पोटावर सपाट गेरू, चेहऱ्याला जेमतेम चार रेषा. तरी त्या देहाचं वजन कोच दाबत होतं! मी खुळ्यासारखा बघत राहिलो. मागे एक दार सताड उघडं, पलीकडे पिवळं ऊन. चित्रातला सगळा उजेड तिथूनच येत होता.

"रविवारी मुलीला बघायला मंडळी येणार," वकील म्हणाले. "हिला लुगडं नेसवा, नाहीतर जाळून टाकतो."

माझा हात धजेना. चित्र वाचवलं ते वकिलांच्या थोरल्या बहिणीनं, अंबूताईंनी. एकदा ओझरतं बघून त्यांनी पाठ फिरवली, त्या पुन्हा वळल्याच नाहीत.

"तिला कशाला हात लावताय? दार तेवढं लावा की हो, मास्तर. बाईमाणूस असं निजल्यावर दार उघडं टाकतंय का कोण?"

वकिलांना पटलं. चित्रावरून पडदा सोडू, म्हणाले.

मी दार बंद केलं. हिरव्या फळ्या, दोन बिजागऱ्या.

दुसऱ्या दुपारी रंग बघायला गेलो. कोचावरून लोंबणारा तिचा हात आता दाराकडे वळला होता. मी आधी नीट बघितलं नसेल, असं स्वतःला बजावलं. पण नखांत हिरवा रंग होता. ओल्या फळ्यांवर ओरखडे होते.

आतल्या बाजूची कडी रंगवायचीच राहिली होती.

मला फार वाईट वाटलं. चाकू घेऊन मी फळीवरचा रंग खरवडू लागलो. फटीतून पिवळी तिरीप बोटांवर आली. उबदार होती.

माझ्या अंगाला घासून कोणीतरी गेलं. अनवाणी.

तिरीप विझली. मी मागे सरलो, तर पोटरीला कोच लागला.

समोर दार. हिरव्या फळ्या, माझ्याच ब्रशचे फटकारे. कडी नाही.

पाठीमागे माडीचा जिना वाजला. अंबूताई! मी वळलो, हाका मारल्या, जीव तोडून मारल्या.

त्यांनी मान दुसरीकडे फिरवली आणि चित्राकडे न बघता पडदा ओढून घेतला.