रुईची नवरी

एलेनाच्या पिशवीतली लाळेची नळी गेली, आणि साकोलीजवळच्या त्या गावात पहिल्यांदाच थुंकीची चोरी झाली. लोक हसले. पोलीस पाटील रुखमिणीबाई कापगते मात्र हसल्या नाहीत.

एलेना इटलीहून आलेली लेखिका. तिचा आजा जागेश्वर महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून आफ्रिकेत लढायला गेला, पकडला गेला आणि इटलीतल्या कैदछावणीत डांबला गेला. तिथून पळाल्यावर एका शेतकऱ्याच्या मुलीनं त्याला लपवलं. त्यांचा मुलगा म्हणजे एलेनाचा बाप. ‘काळ्या शिपायाचं पोर’ हे शब्द त्यानं जन्मभर ऐकले. जागेश्वर गावी परतला आणि इथेच वारला. डीएनएवरून नातं तपासायला त्याची म्हातारी लेक सुलोचनाबाई हिनं लाळ दिली होती. जुळलं नाही तर पुस्तकातून आजाचं नाव काढून टाकीन, असं एलेना आदल्या दिवशी जेवताना मोडक्या हिंदीत म्हणाली. सकाळी नळी नाही!

एलेना सुलोचनाबाईंकडेच उतरली होती. घरात तिसरा माणूस एकच, त्यांचा मुलगा निकेश. वावरात वाटेकरी नको म्हणून त्यानंच नेली, असं गावानं ठरवूनही टाकलं होतं.

“नळी तू नेली?” रुखमिणीबाईंनी विचारलं.

“मी कायले नेईन? मीच मायले म्हटलं, थुका दे. रपोट आला का हिचं खोटं उघडं पडते.”

पिशवीतला महागडा कॅमेरा जागच्या जागी होता. चेनही नीट लावलेली होती.

रुखमिणीबाई चुलीपाशी बसल्या आणि जागेश्वरचा विषय काढला. छावणीनं आजाचं डोकं फिरवलं असावं, एलेना म्हणाली. त्यानं झुडपाशी लग्न लावलं म्हणे.

“येडा नव्हता तो,” सुलोचनाबाई हसल्या. “लगन खरंच रुईसंगं लागलं. मीच हळद लावली रुईले. एवढीशी होती मी.”

रुखमिणीबाईंना सगळं उलगडलं. हे बोलू नये असं त्यांना फार वाटलं, पण चोरीचा आळ निकेशवर होता.

त्यांनी निकेशला आत बोलावलं. “जुनी रीत आहे. कुवारा गडी विधवेशी पाट लावे, तं आधी रुईशी त्याचं लगन लावत. म्हणजे जागेश्वर कुवारा होता, बायको विधवा होती. अन् हळद लावाले लेक हजर होती. ते लेक मायसंगं आली, मावशी, जागेश्वरच्या रक्ताची नव्हे. निकेशले रपोट पाहिजे होता, एलेनाले पाहिजे होता. भेव एकट्या तुमालेच होतं.”

सुलोचनाबाईंनी कमरेचा पदर सोडून नळी खाली ठेवली.

“चुलीत टाकाची हिंमत नाही झाली. रपोट नाही म्हणून आला असता, तं हे पोरगी खोटी ठरली असती. खरं सांगतलं असतं, तं माया बाप गेला असता.”

एलेनाला रुखमिणीबाईंनी हिंदीत सगळं समजावलं. मग तिनं सुलोचनाबाईंना विचारलं, मी खरी आहे हे तुम्हाला कसं ठाऊक?

“मले भाऊ नव्हता. भाऊबीजेले चंद्राले ओवाळाची. बाप मांगं उभा राहून म्हणे, तुया भाऊ तिकडं आहे, नाव घेऊन ओवाळ. दरसाल घेतलं मी. ब्रूनो.”

एलेनानं बापाचं नाव गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. ती ढसाढसा रडली. मग नळी उचलून तिनं स्वतःच चुलीत टाकली, आणि बापाच्या बहिणीला तुमच्यात काय म्हणतात, असं रुखमिणीबाईंना विचारलं.