मोटारीखालचं पीठ

देवाला साक्ष ठेवून लिहिते, यात पदरचं काही नाही.

१९३४ सालचा मार्गशीर्ष. नागावच्या अलीकडचा रस्ता. तिन्हीसांजेची वेळ.

माझे वडील, आबा, मोटारीत मागच्या बाकावर निपचित पडले होते. ताप डोक्यात गेला होता, वाचा बसली होती, नुसतं कण्हणं चालू होतं. काही करून त्यांना अलिबागच्या इस्पितळात पोचवायचं होतं. मोटार आमच्या ह्यांच्या मालकांची, हे तिच्यावर ड्रायव्हर.

मालकांनी मुंबईहून तेल गाळायची डबी आणून इंजिनाला जोडून घेतली होती. तेव्हापासून गळती. "धडधाकट मोटारीला नसतं दुखणं विकत आणलं," असं हे म्हणायचे.

त्या दिवशी तर धारच लागली. तेल संपलं असतं तर इंजिन तिथंच जाम झालं असतं... आणि आबा हातचे गेले असते.

डबीच्या नळीला सांधे दोन. ह्यांच्याकडे चामड्याचा वायसर एकच. कुठला सांधा गळतोय ते कळेना.

"तुझ्या पूजेच्या पिशवीतलं तांदळाचं पीठ दे," हे म्हणाले. "खाली पसरतो. थेंब कुठं पडतो ते दिसेल."

पसरलं.

दिवेलागणीला दिवा लावल्याशिवाय मी पाणी घेत नाही, असं माझं व्रत. ह्यांना उजेडही होईल म्हणून तो दिवा मी पिठाशेजारीच ठेवला.

ह्यांनी इंजिन सुरू केलं. थोडं चालवून बंद केलं.

आणि सगळंच गप्प झालं. रातकिडा नाही. माडाची झावळी हलेना.

आबांचं कण्हणंही नाही...

आम्ही वाकून पाहिलं. पिठावर तेलाचा थेंब नव्हता.

पाऊल होतं...

उजवं. अनवाणी. बोटं मोटारीखालून बाहेरच्या बाजूला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माणूस गेल्यावर आपण पीठ पसरतो, शेजारी दिवा ठेवतो. गेलेला जीव त्यात खूण उमटवतो म्हणतात.

मी ते जिवंत बापासाठी मांडलं होतं.

धावत जाऊन दार उघडलं. घोंगडीबाहेर आबांचे पाय आले होते. उजव्या तळव्याला पांढरं पीठ...

"चला जावई," आबा शांतपणे म्हणाले. "आता न्हाय गळायची."

खरंच गळली नाही. सांध्याला कुणी हातही लावला नव्हता.

डॉक्टरांना ताप सापडला नाही. आबांना आम्ही घरी आणलं. आता ते हिंडतात, हसतात.

पण मी त्यांचं पान वाढलं की कावळा थेट ओटीवर येतो... आणि पानाला शिवतो.

जिवंत माणसाच्या पानाला.

आबा त्याला हाकलत नाहीत. तो घास घेऊन उडेपर्यंत स्वतः जेवत नाहीत.

मी रोज वाढते. कुणाला वाढते, हे देवाला विचारायचं धैर्य मात्र होत नाही.