पुकारणारा आवाज

डोळ्यांच्या दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर मी सांभाळते. लिनक्सवर काहीही टाकायचं तर सॉफ्टवेअरच्या अधिकृत साठ्यातूनच, डिजिटल सही तपासूनच, हे दादाला मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं. दादा माझा सख्खा भाऊ, तिथलाच तंत्रज्ञ. कुठूनतरी उचललेली फाईल हातानेच आत कोंबायची, ही त्याची खोड. त्यामुळे रुग्णांना नावाने पुकारणारं नवं पॅकेज त्याने बसवलं आणि तो आवाज प्रत्येक नावाआधी श्वास घेऊ लागला, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"काय कोंबलंस आत?"

"आईशपथ, तुझ्याच पद्धतीने टाकलंय. सही जुळली होती."

"मग यंत्राला दम कसा लागतो?"

त्याने सही जुळल्याची नोंद उघडून दाखवली.

बाहेर बाकांवर माणसं बसली होती. कुणाच्या डोळ्यांत औषध घातलेलं, कुणाला पट्ट्या. पडद्यावरचे नंबर त्यांना दिसत नाहीत. आवाजाचाच काय तो आधार. त्यांची मात्र काही तक्रार नव्हती.

"नवी बाई बरी आहे हो. घाई करत नाही," एक आजी म्हणाल्या.

तेवढ्यात स्पीकरमधून आलं, "काका, सावकाश. पुढे पाणी सांडलंय."

खरंच सांडलं होतं. त्या कॉम्प्युटरला कॅमेरा नाही.

दादाच कुठून तरी माईक लावून थट्टा करतोय, याबद्दल मला शंकाच उरली नाही. चारचौघांत मी त्याला नको नको ते बोलले. लोकांच्या डोळ्यांशी खेळतोस? लाज नाही वाटत? मग पॅकेज काढलं, सेटिंग्जसकट. साठ्यातून नव्याने उतरवलं, सही तपासली, एकेक फाईल मूळ प्रतीशी ताडून पाहिली. तसूभर फरक नाही. चालू केलं.

श्वास. मग नाव.

पॅकेज पुन्हा काढलं. निघालं, असं कॉम्प्युटरने मुकाट कळवलं. तेवढ्यावर माझं समाधान होईना. स्टुलावर चढून मी स्पीकरची वायरच उपटली.

"आता बोल!" मी ओरडले. "कोण आहेस ते तरी सांग!"

दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन्ही हात त्याने खिशातून बाहेर काढून मला दाखवले. रिकामे.

मग बाकावरून एक आजोबा उठले. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. त्यांना कुणीच हाक मारली नव्हती.

पुढचा नंबर त्यांचाच होता.

मी आधाराला धावले, तर त्यांनी मला बाजूला सारलं. कुणाचा तरी दंड धरावा तशी त्यांची बोटं हवेत वळलेली होती. ओल्या फरशीला वळसा घालून ते नीट दारापर्यंत गेले. तिथे थांबले आणि माझ्या दिशेला वळले.

"बाई, एवढं ओरडू नका हो पोरीवर," ते हळूच म्हणाले. "हात बघा केवढा कापतोय तिचा."