गाळलेली ओळ

"गाळू नकोस रे बस्त्याव. एक ओळ गाळलीस, तर उरलेली प्रार्थना देवाच्या दाराशी ताटकळत उभी राहते." जात्याच्या घरघरीतून आई असं म्हणायची आणि लगेच ओवीला सूर लावायची :

माझ्या देवाची गं माया, खोल विहिरीचा झरा,
वैरी आला पाणियाला, त्याचाबी भरा घडा.

चाळीस वर्षांमागचा तो आवाज बस्त्यावच्या कानी आला, तेव्हा सांतोडीच्या कोटावर तांबडं फुटत होतं. खाडीवर धुकं निजलं होतं, पलीकडे खाजणाच्या खाऱ्या चिखलात मराठ्यांचे मोर्चे लागले होते, आणि अलीकडे, जिथे बारा दिवसांत एकही चूल पेटली नव्हती, त्या फिरंगी कोटाच्या चौकात फासाचा खांब उभा होता.

खांबाखाली मिंगेल होता, हात मागे बांधलेला.

सात वर्षांपूर्वी ह्याच मिंगेलने पवित्र ग्रंथावर हात ठेवून खोटी साक्ष दिली होती, की बस्त्यावच्या धाकट्या भावाने, इनासने, कोठारातली दारू चोरली. इनासला बेड्या घालून गलबतावर वल्ही मारायला धाडलं आणि तिथेच तो खंगून मेला. त्या दिवसापासून देवळाचा घंटावाला बस्त्याव रोज प्रार्थना म्हणे, पण क्षमेची ओळ आली की ओठ मिटून घेई.

आणि काल तिन्हीसांजेला बस्त्यावची बायको कातरिन उपासमारीने गेली. वेढ्यात घंटा वाजवील त्याला फाशी, असा किल्लेदाराचा हुकूम होता. पण बाईमाणूस गेलं की दोन टोले द्यावेत, ते ऐकून घरोघर तिच्यासाठी हात जोडावेत, ही गावाची पिढ्यांची रीत. मुक्यानेच तिला कसं मातीआड करायचं? त्याने दोन टोले दिले. अवघ्या दोन. नेमक्या त्याच घटकेला पलीकडून तोफा सुटल्या आणि खाडीकडचा बुरूज ढासळला.

पहारा जिन्याशी पोचायच्या आत मिंगेल धापा टाकत घंटाघरात शिरला होता. त्याने बस्त्यावच्या हातातला दोर हिसकून घेतला, त्याला मागच्या दिंडी-दरवाजातून बाहेर ढकललं आणि म्हणाला, "पळ! कातरिनीला माती दे आधी."

कातरिनीला माती देऊन झाली होती. आता बस्त्याव चौकातल्या रांगेत उभा होता, आणि टोले कोणी दिले हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

"तोंड गोड कर, बस्त्यावदादा," शेजारचा पहारेकरी पास्कू कुजबुजला. "देवानं तुझं गाऱ्हाणं ऐकलं. गूळ नाही, तर हे चामडं चघळ."

किल्लेदार दों आफोंस पुढे आला. वीस वर्षं ह्या मुलखात काढलेला तो फिरंगी इथली भाषा अदबीने बोले. "मिंगेल, गनिमाला इशारत देऊन तू आमचा बुरूज पाडलास. काही अर्ज?"

"एकच, सरकार. सगळ्यांनी मिळून 'आमच्या बापा' म्हणावं."

"आणि घंटेविषयी?"

मिंगेलची नजर बस्त्याववर क्षणभर टेकली, न मागणारी, न दटावणारी. "दोर माझ्या हातात होता, सरकार."

प्रार्थना सुरू झाली. वाळल्या गळ्यांचा तो सूर रोजच्या भाकरीपाशी येऊन कापला, क्षमेच्या ओळीवरून पुढे गेला, आणि बस्त्यावचे ओठ नेहमीच्या जागी मिटले. इनास तर येणार नव्हता. मग मिंगेलच्या मानेला फास लागून काय परत मिळणार होतं? खोट्या साक्षीने एक गेला. आता आपल्या मौनाने दुसरा. मिंगेलमध्ये आणि आपल्यात फरक तो काय उरला?

"सरकार!" तो रांगेतून बाहेर आला. "टोले मी दिले. माझी बायको गेली होती. इशारत नव्हती ती, तिची शेवटची हाक होती."

"वेडा झालास, बस्त्याव!" मिंगेल ओरडला. "मला फेडू दे रे!"

दों आफोंस त्याच्याकडे वळला. "इशारत नसेलही. पण हुकूम मोडलास." त्याने हात उंचावला. "मिंगेलला सोडा. दोर ह्याला घाला."

ह्या न्यायाने काही वाचलं नाही. चौथ्या दिवशी सांतोडीचा कोट पडला. मिंगेल जगला, वाकून जगला, आणि मरेपर्यंत कोणी त्याला हसताना पाहिलं नाही. पण त्या सकाळी, गळ्यात दोर पडत असताना, बस्त्यावने त्याला जवळ बोलावलं. सात वर्षं दाराशी ताटकळलेली ती ओळ त्याने त्याच्याचकडे पाहत, एकेक शब्द सुटा करून म्हटली :

"आम्ही जशी... आमच्या अपराध्यांना... क्षमा करतो, तशी तू आमच्या अपराधांची क्षमा कर."