मोजून सोडलेल्या तारा

तोंडात कापसाचे दोन बोळे, जिभेखाली खळखळणारी नळी आणि खालच्या दाढेवर गुरगुरणारे यंत्र अशा अवस्थेत ज्या माणसाला एखादे विधान करावेसे वाटते, त्याच्या स्वभावाला औषध नसते. खुर्चीत उताण्या पडलेल्या त्या गृहस्थाला नेमके तसेच वाटत होते. जुन्या गिटारी दुरुस्त करणे हा त्याचा व्यवसाय. आणि समोरच्या भिंतीवर, खिडकीतले दुपारचे ऊन जिथे रोज रेंगाळत असावे अशा जागी, एक गिटार टांगलेली होती.

साठ वर्षांचे तरी लाकूड असावे ते. मधासारखा मुरलेला रंग, कडेला झिजून गेलेली नक्षी, आणि सहाही तारा ताठ. पण पोट फुगले होते. तारा ज्या काळ्या लाकडी पट्टीत अडकवलेल्या असतात तो ब्रिज मागच्या कडेने उचलला होता. त्या फटीत नख सहज शिरले असते.

"अं… ऊं अं…" तो म्हणाला.

"दुखतंय का?" यंत्र थांबले.

त्याने मान हलवून बोट भिंतीकडे केले.

"हो, छान आहे ना? सगळे विचारतात." मास्कच्या वर डॉक्टरीणबाईंचे दोन डोळे हसले. "आता मोठं उघडा… अजून… शाब्बास."

पंधरा मिनिटांनी बोळे निघाले. अर्धा जबडा बधिर असतानाच त्याने तिच्याशी आपले पहिले वाक्य उच्चारले.

"ती गिटार मरायला टेकलीय."

"गुळणी करा," डॉक्टर म्हणाल्या.

त्याने गुळणी केली, तोंड पुसले आणि पुन्हा तोच धागा धरला. "सहा तारांची मिळून सत्तर किलोंची ओढ असते. एखादा माणूस त्या पट्टीला रात्रंदिवस लटकून राहावा तसं. वर हे ऊन. तारा सैल करा. आजच्या आज."

"तुम्ही कोण? मिस्त्री?"

"मिस्त्री म्हणा, चालेल."

"मग मिस्त्री, ऐका. तात्पुरतं भरलंय मी. पंधरा दिवसांनी या, पक्कं भरू. आणि त्या तारांना कुणी हात लावत नाही." तिने हातमोजे काढले, मास्क खाली ओढला. तिचा चेहरा तरुण होता आणि एकाएकी फार थकलेला दिसला. "बाबांनी लावल्यात त्या. हॉस्पिटलात जायच्या दिवशी सकाळी. चार वर्षं झाली. त्यांनी जिथं सोडलं, तिथंच आहे ते सगळं."

येथे एखादा शहाणा मनुष्य गप्प बसला असता. परंतु अचूकतेची सवय जडलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दुःखातलीही चूक डोळ्यांत खुपते.

"तिथंच नाहीये," तो म्हणाला. "ब्रिज पुढे झुकला की तारा उतरतात. तुमच्या वडिलांनी लावलेले स्वर केव्हाच गेलेत. तुम्ही सांभाळताय ती नुसती ओढ."

ट्रेमधली हत्यारे तिने एकेक करून, आवाज न होऊ देता, उचलली. मग दाराकडे पाहून म्हणाली, "पुढच्या पेशंटला पाठवा."

दुकानात काउंटरवर तारांची पाकिटे लावत त्याची आत्या बसली होती. दुकान तिच्या यजमानांचे, म्हणजे मामांचे. त्यांनीच भाच्याला हाताखाली घेऊन हे काम शिकवले होते, आणि ते गेल्यापासून गल्ला आत्याकडे व हत्यारे याच्याकडे अशी वाटणी होती. सगळी हकीकत ऐकून ती म्हणाली, "म्हणजे दाढ बरी करून घेतलीस आणि तिला दुखणं देऊन आलास!"

"मी खोटं काय बोललो?"

"खोटं बोलला असतास तर बरं झालं असतं."

पंधरा दिवस उलटले. तीन आठवडे झाले. दाढेने एक-दोनदा आठवण करून दिली. पण त्या पायऱ्या चढण्याचा धीर त्याला होईना.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी केसपेपरवरचा पत्ता शोधत तीच दुकानात आली. अंगावर पांढरा कोट तसाच होता, आणि चादरीत गुंडाळलेली गिटार तिने झोपलेल्या मुलासारखी दोन्ही हातांवर घेतली होती.

"कर्रकन वाजली," ती धापा टाकत म्हणाली. "पेशंट खुर्चीत होता. मी… मी तशीच निघून आले."

त्याने चादर दूर केली. ब्रिज निम्म्याहून अधिक सुटला होता. पुढच्या कडेच्या सरसावर कसाबसा तग धरून होता. त्याने खणातून लांब दांड्याचा चिमुकला गोल आरसा काढला आणि मधल्या भोकातून आत घातला.

"हा आमच्यातला आरसा आहे," ती म्हणाली.

"दाताचाच. आतल्या पट्ट्या बघायला याच्यासारखं दुसरं काही नाही… एक पट्टी सुटलीय. लाकूड मात्र शाबूत आहे."

"पंधरा दिवसांनी या म्हटलं होतं."

"दुखत नव्हती दाढ."

"असं?" ती गिटारीकडे पाहत म्हणाली. "हीसुद्धा चार वर्षांत दुखतंय म्हणाली नव्हती."

काउंटरवर आत्या मोठ्याने हसली. त्याला मात्र हसू आले नाही. कारण गिटारीवर झुकताना त्याला एक जुनी संध्याकाळ आठवत होती. मामा गेल्यानंतर आठवड्याभरात त्याने सगळे टेबल खरवडून स्वच्छ केले होते. सरस तापवायचे भांडेही त्याने घासून लख्ख केले. आत्या आली, त्या भांड्याकडे पाहत उभी राहिली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. भांड्याच्या काठावर वाळलेल्या सरसात मामांच्या अंगठ्याचा ठसा होता, हे त्याला नंतर कळले. त्याने केलेले सगळे बरोबरच होते. सरसाचे भांडे स्वच्छच असावे लागते.

तो ताठ उभा राहिला. "त्या दिवशी मी म्हणालो की ते स्वर गेलेत. चूक नव्हतं ते."

"अरे, सरळ माफी माग ना!" आत्या ओरडली.

"थांब गं आत्या. चूक नव्हतं, पण अर्धवट होतं." त्याने गिटारीच्या डोक्यावरच्या सहा खुंट्यांवरून बोट फिरवले, स्पर्श मात्र केला नाही. "या कुणी फिरवल्यात का नंतर?"

"कुणीच नाही. धूळसुद्धा मी फुंकरीने काढते."

"मग तुमच्या वडिलांनी शेवटचं जे केलं, ते इथं जसंच्या तसं आहे. हललंय ते खालचं, ब्रिज आणि पोट. ते मी मूळ जागी आणू शकतो. तारा सोडाव्याच लागतील. पण मोजून सोडू. प्रत्येक खुंटीचे वळसे लिहून ठेवायचे, याच तारा परत चढवायच्या, आणि तेवढेच वळसे परत घ्यायचे. एक जास्त नाही, एक कमी नाही."

"येतील? बाबांचे स्वर?"

"जवळपास. चार वर्षांत तारांनी स्वतः किती अंग दिलंय, ते मला माहीत नाही. एखादी तुटेलही. शब्द देत नाही मी."

"आलेत की नाही, ते मला कळेल."

"कसं?"

"ते नाही सांगणार. सांगितलं तर तुम्ही तसं करून द्याल."

या अविश्वासाने तो दुखावला, आणि दुसऱ्याच क्षणी त्याला जाणवले की आपल्याइतकेच काटेकोर माणूस आयुष्यात प्रथमच भेटत आहे.

त्याने खुंटी आणि डोके यांवरून जाणारी पांढऱ्या पेन्सिलीची एकेक बारीक रेघ ओढली. अर्धा वळसा म्हणजे एक, असे ठरले. तो मोजू लागला. ती औषधे लिहायच्या कागदावर आकडे उतरवू लागली. चौदा… पंधरा… तारांचा ताण कमी होत गेला तसा लाकडातून एक बारीक, लांब सुस्कारा आला. दोघांनीही एकदमच वर पाहिले. तिच्या बोटांना लवंगेच्या तेलाचा वास होता.

"दुसरी तार?" तिने डोळे पुसत विचारले.

"सतरा."

तारा खुंट्यांवर गुंडाळलेल्याच राहिल्या. फक्त ब्रिजमधली टोके त्याने मोकळी केली. पुढचे काम सावकाश होणारे होते. कोमट सुरीने ब्रिज पूर्ण सोडवायचा, जुना सरस ओल्या फडक्याने मऊ करून काढायचा, सुटलेली पट्टी आत हात घालून चिकटवायची, फुगलेले पोट किंचित दमट ठेवून दोन फळ्यांमध्ये रोज केसभर जास्त आवळायचे. घाई केली की पोटाचे लाकूड तडकते. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती यायची. डबा आत्यासोबत खायची आणि मग स्टुलावर बसून बघत राहायची.

"एवढ्या हळू?" ती विचारायची.

"तुम्ही दात सरळ करायला किती दिवस घेता?"

"दीड वर्ष."

"मग? मी महिन्यात देतोय."

"दातांचा मालक वाद घालत नाही, मिस्त्री. त्याच्या तोंडात तारा असतात."

एका गुरुवारी तिने खिशातून आकडीसारखे एक हत्यार काढले आणि ब्रिजच्या खोबणीत अडकलेला सरसाचा कण अशा हलक्या हाताने काढला की तो बघतच राहिला. "ठेवून घ्या," ती म्हणाली. त्याने ते हत्यार मामांच्या पटाशीशेजारी ठेवले. आत्याने ते पाहिले आणि, नवल म्हणजे, तिथेच राहू दिले.

ज्या गुरुवारी ती आली नाही, त्या दिवशी त्याने तीन गिऱ्हाइकांशी वाद घातला.

मग तारा चढवायची दुपार आली. ब्रिज आपल्या जागी बसला होता. पोटावर धरलेल्या मोजपट्टीखाली कागदही सरकत नव्हता. त्याने जुन्या, काळवंडलेल्या तारांची टोके ब्रिजमध्ये अडकवली आणि स्वर दाखवणारे यंत्र खणात टाकून खण बंद केला. ती कागद हातात धरून उभी राहिली.

वळसे सुरू झाले. सगळ्या तारा थोड्या-थोड्या, आळीपाळीने. शेवटी पांढऱ्या रेघा एकेक करून जुळल्या. एकही तार तुटली नाही.

त्याने सर्वांत जाड तारेपासून छेडायला सुरुवात केली. सहावी. पाचवी. चौथी. तिसरी. स्वर जुने, जरासे मंद, पण एकमेकांशी नीट बसलेले. मग दुसरी…

त्याच्या कपाळाला आठी पडली. दुसरी तार उतरली होती. फार नाही, पण त्याच्या कानाला टोचेल इतकी.

"चुकलं," तो म्हणाला. "माझंच चुकलं कुठंतरी. दुसरीचा आकडा काय आहे?"

"सतरा."

"मी सतराच घेतले… रेघही जुळलीय. मग ही तार मागे का?" त्याचा हात सवयीने खुंटीकडे गेला.

"हात काढा."

ती अगदी हळू बोलली, तरी त्याने हात काढला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि ती हसत होती.

"बाबांची दुसरी तार कायम अशीच असायची. जरा मागे. आई वैतागायची. ते म्हणायचे, सगळ्यांनी एकदम कशाला पोचायचं? एक जण मागून येऊ दे की." तिने पुन्हा ती तार छेडली आणि स्वर विरेपर्यंत तळहात लाकडावर ठेवला. "हेच आहे. हेच सोडून गेले होते ते."

आयुष्यात त्याने हजारो उतरलेल्या तारा ऐकताक्षणी चढवल्या होत्या. ही तार चुकीची होती, आणि तिचे चुकीचे असणे हाच ती बरोबर असल्याचा एकमेव पुरावा होता.

"नेल्यावर उन्हात टांगू नका," शेवटी तो म्हणाला. "वाजवून झालं की दोन-दोन वळसे सैल… पेटीत ठेवा. या तारा आता फार—"

"फार टिकणार नाहीत. कळलंय मला." तिने एक श्वास घेतला, आणि पहिल्या खुंटीवर स्वतःची बोटे ठेवली. "मी सोडते. नवीन घाला."

या वेळी कुणी मोजले नाही. तारा सैल झाल्या, निघाल्या. तिने त्यांचे वेटोळे करून कोटाच्या खिशात ठेवले. त्याने नव्या तारा चढवल्या. सहावी लावली, पाचवी, चौथी, तिसरी, आणि पहिलीही. मग दुसरी अचूक स्वरात आणून तो थांबला.

"ही किती मागे ठेवू?"

तिने मान वर केली. "तुम्ही? मिस्त्री, चुकीचं आहे ते."

"चुकीचंच आहे." तो खुंटीकडेच पाहत होता. "पण ते नेमकं किती, हे फक्त तुम्हालाच माहीत आहे. आणि तार रोज सरकते. तर… रोज कुणीतरी सांगायला हवं. मला. म्हणजे, मी जिथं असेन तिथं… किंवा तुम्ही जिथं—"

"वाक्य पूर्ण करा. एरवी बरं येतं बोलायला."

"रोज ऐकायचंय मला," तो म्हणाला. "गिटार नाही. तुम्हाला."

काउंटरवरची पाकिटे विनाकारण खाली पडली आणि ती गोळा करायला आत्या काउंटरखाली गेली ती वर आलीच नाही.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा गोल आरसा उचलला, कोटाच्या बाहीला पुसला. "तोंड उघडा."

"आत्ता?"

"दोन महिने होत आले. पंधरा दिवसांचं होतं ते. उघडा."

त्याने तोंड उघडले. तिचा तळवा हनुवटीखाली आला, उबदार, लवंगेच्या वासाचा. त्याला या वेळी कोणतेही विधान करायचे नव्हते.

"टिकलंय," ती म्हणाली. "पण उद्या यायचं. पक्कं करून घ्यायला." मग आरसा खाली ठेवून तिने दुसरी खुंटी आपल्या हाताने किंचित, अगदी किंचित, मागे फिरवली.