नंदी रिकामा जात नाही

श्रावणातली सर आडवी आली म्हणून चंचल स्टेशन रोडवरच्या एका छपरात शिरली, आणि शिरली ती थेट भांडणात.

छप्पर होतं ओमेशचं. ओमेश म्हणजे नंदाबाईंचा मुलगा, सौंदडमध्ये लाकूडकाम करणारा. आत सागवानाचा वास भरून राहिला होता, पायाखाली रंध्याचे कुरळे छिलके होते, आणि दारात एक नवाकोरा दिवाण टेम्पोत चढत होता. दिवाणाच्या पाठीवर धानाच्या लोंब्या कोरलेल्या, वाऱ्यावर कलल्यासारख्या... चंचलचा हात नकळत त्यांवरून फिरला.

"चाललो बे ओमेश," टेम्पोत चढत विक्की म्हणाला. "दोस्तीत का हिसाब! लाकूड तर माझंच होतं."

"हाव, जा ना," म्हणत ओमेश हसला.

टेम्पो गेला. चंचलने ओढणीचं टोक असं पिळलं, जणू ती विक्कीची मान होती.

"मजुरी नाई घेतली?"

"दोस्त आहे."

"किती दिवस लागले बनवाले?"

"आखाड गेला पूर्ण."

"मग आखाडभर घरी का दोस्तीची भाकर खाल्ली?"

ओमेशने आता कुठे नीट वर पाहिलं. भिजलेल्या केसांतून पाणी निथळत होतं आणि डोळ्यांत मात्र ठिणग्या. "तुमी कोण?"

"मी पावसातून आली."

"मग पाऊस थांबेपर्यंतच भांडजा," तो हळूच म्हणाला. "पुढं मले काम आहे."

पाऊस थांबला. तरी ती थोडा वेळ भांडलीच.

चंचलचं शिलाईचं दुकान त्याच रस्त्यावर, बाजाराच्या अंगाला होतं. दारावर तिनेच रंगवलेली पाटी होती : 'शिलाई रोख. ओळख सांगू नये.' गावातल्या बायका तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे काय काय म्हणत. तिला फरक पडत नव्हता. काही दिवसांनी ती कापड कापायचा टेबल सांगायला ओमेशकडे गेली. जुना टेबल अजून चालला असता, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.

"ते पाटीवाली तुमीच का?" ओमेश म्हणाला. "गाव घाबरते तुमाले."

"घाबरते म्हणून माझी मशीन चालून राहिली. भाव सांगा."

"तुमच्याकडून का घेऊ..."

"काऊन? मी कोण लागते तुमची?"

ओमेश रंध्याच्या पात्यावर बोट फिरवत राहिला. कान तेवढे लाल झाले. चंचलने गोंदियाच्या दुकानात विचारून ठेवलेल्या भावाने पैसे त्याच्या पुढ्यात ठेवले आणि निघाली. तिच्या गालांनाही ऊन लागल्यासारखं झालं होतं, आणि आभाळ तर भरलेलं होतं.

मग 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एके काळी या भागात वाढयाला, म्हणजे सुताराला, भाव सांगावा लागत नसे. धान मळून झालं की आधी त्याचा वाटा सुपात पडे, मग रास घरात येई. मागणारा लाजत नसे, देणाऱ्यालाही उपकार वाटत नसे. ती रीत गेली. माणसांनी त्या रीतीतलं फुकट तेवढं ध्यानात ठेवलं, सूप विसरली. 'तू तर आपलाच' म्हणून ओमेशकडून पाट नेले, चौरंग नेले, पाळणे नेले. ज्या पाळण्यात लेकरं झोपली, त्याच्या मजुरीचं नाव काढलं की तीच माणसं म्हणत, पोट्ट्याला पैशाची हाव सुटली!

पोळा जवळ आला आणि नंदाबाई चंचलच्या दुकानात डोळे पुसत आल्या. "पोरी, तो रायपूरले जाऊन राहिला. फर्निचरच्या कारखान्यात. पोळा झाला की जाते म्हणते."

चंचलने कात्री टाकली ती टाकलीच. तशीच अनवाणी छपरात पोचली.

"जातोस?"

"जातो."

"गावाचे दिवाण भरून, सोता खाली हातानं?"

"का करू मग?" ओमेशचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझा बाप गेला तवा ज्या घरी जेवलो, त्या घरी कोणत्या तोंडानं दाम मांगू? जीभच उचलत नाई माझी. तिकडं तरी कोणी ओळखीचं नसंल!"

"आणि इकडं ओळखीची होती ते?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता...

कोपऱ्यात एक मोठा लाकडी नंदी उभा होता, चार चाकांचा, भरदार वशिंडाचा. तान्ह्या पोळ्यासाठी त्याने केलेले लहान नंदी ओळखीचे लोक केव्हाच घेऊन गेले होते. हा उरला होता. चंचल त्याच्याकडे बघत राहिली.

"तू नको मांगू," ती म्हणाली. "नंदी मांगंल."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुलं लाकडी नंदी ओढत दारोदार जातात, घरची बाई नंदीचे पाय धुते, कुंकू लावते आणि हातावर बोजारा ठेवते : पैसे, खाऊ, घरात असेल ते. दाराशी आलेला नंदी रिकामा परत जाऊ देत नाहीत. अगदी कंजूष घरातही नाही.

त्या दिवशी मुलांच्या रांगेत ओमेश निघाला! एवढा मोठा घोडा, हातात दोरी, मान खाली. नंदीच्या पाठीवर आरसे लावलेली लाल झूल होती. ती चंचलने रात्र जागून शिवली होती आणि शिलाई त्याच्या नावावर मांडली होती. बाजूने ती स्वतः चालत होती.

पहिलं दार विक्कीचं. त्याची आई मंदाबाई हसतच बाहेर आली, नंदीचे पाय धुतले आणि दहाची नोट काढली.

"मावशी," चंचल गोड आवाजात म्हणाली, "तो दिवाण मस्त आहे जी. कोणी बनवला?"

मंदाबाईचा हात थांबला. मागे मुलं खिदळत होती. शेजारणी दारात आल्या होत्या.

"बाप्पा! हे तर वसुली आहे," विक्की आतून ओरडला. "आपलेपणा राहिला नाई गावात!"

"आपलेपणा होता तर आखाडात एक दिवस तरी विचारलं असतंस, का बे, जेवला का?" चंचलचा गोडवा संपला. "आपलेपणा का एकाच बाजूनं असते? लाकूड तुझं होतं, हात कोणाचे होते?"

मंदाबाईने लेकाकडे असं पाहिलं की तो आत गेला आणि पाकीट घेऊनच बाहेर आला.

सगळीच दारं उघडली नाहीत. टिकाराम गुरुजींनी नंदी दिसताच आतून कडी लावली. त्यांच्या देवघराचा चौरंग ओमेशच्याच हातचा होता. पण म्हाताऱ्या वच्छलाबाई न बोलावता रस्त्यावर आल्या, सुपात धान घेऊन.

"नातवाच्या पाळण्याचं," त्या म्हणाल्या. "विसरली होती रे बाबू. माझ्या सासूनं कधी विसरू नसतं देल्लं."

ओमेशने वाकून सूप घेतलं. त्याचे डोळे भरून आले होते, पण मान मात्र सकाळनंतर पहिल्यांदाच वर होती.

शेवटचं दार चंचलचं. ती पुढे धावली आणि आतून तांब्या, कुंकू घेऊन आली. उंबऱ्याशी बसून नंदीचे लाकडी पाय धुऊ लागली. दारात तिची आई एकदा खाकरली आणि शहाण्यासारखी आत निघून गेली.

"इथं कायचं बाकी आहे?" चंचल मान न उचलता म्हणाली. "टेबलाचे तर मी रोख देल्ले."

"रिवाज आहे. नंदी रिकामा जात नाई."

"मग मांग. आज तरी सोता तोंड उघड."

ओमेशने दोरी या हातातून त्या हातात घेतली. कान लाल झाले... तरी या वेळी जीभ उचलली.

"मले रायपूरले नाई जायचं. आणि... मले तू पायजे."

तांब्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं, तरी ती नंदीचे पाय धूतच होती.

"एवढं मांगाले पूर्ण श्रावण लावला?" ती एकदम कडाडली. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. "आणि मी विचारलं नसतं तर? गेला असतास मुकाट्यानं? उद्याच्या उद्या आईले घेऊन ये!"

"आणतो," तो म्हणाला. मग हळूच, "घरच्याले शिलाईत सूट असते का?"

चंचलने नंदीच्या कपाळावर कुंकू लावलं, कुंकवाचं बोट ओमेशच्या मनगटाला पुसलं.

"नाई," ती म्हणाली. "झुलीचे पैसे काढ."