खिंड आणि थंड इंजिन

खिंडीपलीकडच्या मोजणीच्या तळावर माझा थोरला भाऊ पाय चिरडून पडला होता, आणि संध्याकाळी खिंड बर्फाने बंद व्हायच्या आत त्याला खाली आणायचं होतं. दादा त्या तळाचा दोरवाला. कड्यांवर दोर बांधून मोजणीवाल्यांना वर चढवायचा. दोन पायांवर पोट असलेला माणूस! हवा अशी बिघडलेली की आभाळातून मदत येणं शक्यच नव्हतं. उरला आमचा ट्रक.

उजाडताच तिघं निघालो. चालवायला उस्ताद, तीस वर्षं घाटात घालवलेला, तोंडाचा फटकळ. दवाखान्यातली सिस्टर. आणि मी, मिस्त्री. "गाडी रुसली तर हा आहेच," असं उस्ताद जो भेटेल त्याला सांगत होता, आणि मीही छाती फुगवून घेत होतो.

सिस्टरने आधीच बजावलं, "रक्त फार गेलंय त्याचं. परतताना केबिन ऊबदार हवी. असल्या गारठ्यात तो वाटेतच जाईल."

"इंजिन तापलं की हीटर तापतो. तासाभरात स्वेटर काढाल तुम्ही!" उस्ताद म्हणाला.

तास झाला. स्वेटर कसला काढताय, काचेवर आतून बर्फ धरला! तापमानाचा काटा तळाला चिकटलेला. हीटर नाकावर गार वारा मारत होता. मागून पांढरा धूर, चढावर ताकद नाही, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती.

"मिस्त्री, झोपलास काय? बघ की जरा!"

आता खरं सांगतो. मला पहिल्या वळणावरच कळलं होतं. इंजिनात एक छोटी झडप असते, थर्मोस्टॅट. पाणी तापेपर्यंत ती रेडिएटरची वाट अडवून धरते, म्हणून थंडीतही इंजिन तापतं. या गाडीत ती नव्हतीच! उन्हाळ्यात खालच्या मैदानात गाडी उकळायची. रेडिएटर उतरवून साफ करायचा तर अख्खा दिवस मोडला असता. मी झडपच काढून भंगारात फेकली. पाणी सदा फिरतं राहिलं, उकळणं थांबलं, उस्तादने पाठ थोपटली. खाली आम्ही सगळेच मिस्त्री हे करतो, पण थंडीआधी आठवणीने नवी बसवतो. मी विसरलो. आणि आता तोंड उघडायची लाज वाटली!

म्हणून मी नाटक केलं. गाडी थांबवून पाण्याची पातळी पाहिली. काठोकाठ होती, ते मला ठाऊकच होतं. हीटरच्या पाइपातली हवा काढली. पुढे जाऊन रेडिएटरवर ताडपत्री बांधली. काटा जरासा उठला आणि वारं वाढताच पुन्हा आडवा झाला. मग काट्याच्या वायरी तपासत बसलो. दोन तास! तिकडे दादा मोजून श्वास घेत असेल आणि इकडे मी स्वतःची अब्रू झाकत होतो.

खिंडीच्या तोंडाशी उस्ताद स्वतः उतरला. त्याने इंजिनावर हात ठेवला, मग वरच्या पाइपावर, मग रेडिएटरवर.

"सगळं सारखंच कोमट. म्हणजे पाणी कुठे अडतच नाही. आतली झडप कुठाय?"

"काढली होती. उन्हाळ्यात."

"आणि सकाळपासून माहीत होतं तुला?"

मी मान हलवली. त्याने अशी मुस्काटात भडकावली की माझी टोपी दरीत गेली.

"रडायचं नंतर. पाना घे!"

इंजिन बंद केलं. पाणी बादलीत काढलं. बोल्ट सापडेनात म्हणून हातमोजे फेकले आणि उघड्या बोटांनी लोखंड धरलं. कातडी चिकटली. ओढली. सोलली! वारा कानशिलं फोडत होता. सिस्टरने दूध पावडरच्या डब्याचं झाकण कात्रीने गोल कापलं. मध्ये अंगठ्याएवढं भोक पाडून मी ती चकती झडपेच्या जागी बसवली. पाणी बंद करता येत नव्हतं, निदान त्याचा गळा आवळता आला.

पाणी परत ओतलं आणि स्टार्टर फिरवला. घुर्रर्र, थांबला. पुन्हा. पुन्हा थांबला! बॅटरी मान टाकत होती. तिसऱ्या खेपेला इंजिनाने धूर ओकला आणि पकड घेतली. काटा हलला. चाळीस! साठ! पंचाहत्तर! काचेवरचा बर्फ ओघळू लागला. उस्तादने गाडी खिंडीत घातली.

तळावर पोचलो तेव्हा दादा जिवंत होता. सिस्टरने पाय उघडून पाहिला आणि पुन्हा झाकला. सीटमागच्या फळीवर त्याला निजवून आम्ही लगेच परत फिरलो. ऊब लागताच त्याच्या ओठांवर रंग आला.

"भाऊ असावा तर असा," तो माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाला. "गरम गाडी घेऊन आलास रे!" मग सिस्टरला विचारलं, "पाय राहील ना?"

"नाही. गुडघ्याखाली काढावा लागेल."

"तुम्ही लवकर पोचला असतात तर?"

सिस्टरला खोटं बोलता येत नव्हतं. "दोन तास आधी पोचलो असतो, तर बहुतेक वाचला असता."

उस्ताद रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "सांग त्याला. नाहीतर मी सांगतो."

मी सगळं सांगितलं. दादा शिव्या घालेल असं वाटलं होतं. घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"विसरलास, ते चालतं," तो हळू म्हणाला. "पण नंतरचे दोन तास तू माझा पाय देऊन स्वतःची लाज वाचवलीस. उस्ताद, गाडी थांबवा. याला मागच्या उघड्या हौद्यात टाका."

"अहो, उघड्यावर गारठून मरेल तो!" सिस्टर म्हणाली.

"मीही कालपासून गारठतच होतो."

उस्तादने ब्रेक दाबला. मी उतरलो आणि मागे चढून रिकाम्या पोत्यांत शिरलो.

दादा जगला, हे आत्ताच सांगून टाकतो. माझी दोन बोटं गेली. पण त्या दुपारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दात थांबेनात, हात जाणवेनात, तेव्हा मी केबिनच्या मागच्या काचेवर कोपराने ठोकलं. आतून धुरकट झालेली काच दादाने तळव्याने पुसली. माझ्याकडे नीट पाहिलं. उस्ताद काहीतरी विचारत असावा, कारण गाडीचा वेग कमी झाला.

दादाने नकारार्थी मान हलवली, आणि गाडीने पुन्हा वेग घेतला.